कॅथीड्रलमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनचा आवाज अंगावर आल्यासारखा का वाटतो?

मुख्य कारण म्हणजे खर्जातले स्वर. ऑर्गनचे स्वर नळ्यांमधून हवा सोडून निघतात; त्यातल्या 32 फुटी, वरून उघड्या नळीचा स्वर साधारण 16 हर्ट्झचा (सेकंदाला 16 कंपनं) असतो आणि माणसाला ऐकू येतं ते ढोबळमानाने 20 हर्ट्झपासून पुढे. म्हणजे तो स्वर छातीत जाणवतो, बाकावर हात ठेवलात तर लाकूड थरथरताना कळतं. त्यावर वरच्या सप्तकांतले स्वर चढले की सगळा आवाज भरदार होतो.

शिवाय ऑर्गनचा श्वास संपत नाही. पूर्वी भाते चालवायला माणसं लागायची, आता विजेचे पंखे हवा पुरवतात. पट्टी दाबून ठेवा, स्वर तसाच अखंड! स्टॉप, म्हणजे नळ्यांचे वेगवेगळे संच चालू करणाऱ्या खुंट्या, ओढत गेलं की त्याच एका पट्टीवर कितीतरी नळ्या एकदम बोलतात. जर्मनीत पासाउच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलमध्ये अशा जवळपास 18,000 नळ्या आहेत.

पण माझ्या मते निम्मं वाद्य म्हणजे ती इमारतच. दगडी भिंती आणि उंच छतामुळे पट्टी सोडल्यावरही स्वर कित्येक सेकंद घुमत राहतो, त्यामुळे वादकाला लय जपून ठेवावी लागते, नाहीतर जलद सुरावटींचा नुसता गोंधळ. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचा ऑर्गन 2019च्या आगीतून वाचला, पण शिशाच्या धुळीमुळे नळ्या उतरवून स्वच्छ कराव्या लागल्या. मग त्यांचे सूर त्याच वास्तूत, रात्रीच्या शांततेत, कित्येक महिने खपून जुळवले गेले.

फोनच्या स्पीकरवर यातला खर्ज जवळजवळ गायब होतो. शक्य असेल तर प्रत्यक्षच ऐका.