नायिका निघाली, कथा मात्र घरातच राहिली

प्रश्न: पहिल्यांदाच कथा लिहिलीये, सोबत पाठवतेय. नायिका घरातल्या जाचाला कंटाळून शेवटी पहाटे बॅग भरून निघून जाते. मैत्रिणीने वाचली आणि म्हणाली, "बरं, मग?" माझं चुकलं कुठे? आणि गाजलेल्या कथांमधली सुटायला धडपडणारी माणसं बहुतेक अडकूनच का पडतात, लेखकांना सुखान्त बघवत नाही का?

उत्तर: मैत्रिणीवर चिडू नका, तिने दुखऱ्या जागीच बोट ठेवलंय. तुमच्या कथेत जाच ढीगभर आहे, नवऱ्याचे टोमणे, अबोला, सगळं आहे, पण मग ही बाई इतकी वर्षं तिथे थांबली कशाला ते काही कळत नाही.

आयरिश लेखक जेम्स जॉइसची १९०४ ची ‘इव्हलिन’ ही कथा वाचा, छोटीशीच आहे. पोरगी खिडकीत बसलीये, पडद्यांच्या धुळीचा वास नाकात, मांडीवर घरच्यांना लिहिलेली दोन पत्रं. बापाची भीती वाटते, कमावलेले सातच्या सात शिलिंग ती घरात देते, आणि फ्रँक तिला लग्न करून ब्यूनस आयर्सला न्यायला तयार आहे, म्हणजे तुम्ही आम्ही म्हणणार, अगं जा ना! पण मध्येच तिला आठवतं की परवा एक दिवस ती आजारी होती तर याच बापाने तिला भुताची गोष्ट वाचून दाखवली, शेकोटीवर टोस्ट भाजून दिला. झालं, तो टोस्ट आला की वाचकाचाही पाय अडकतो (माझा तरी दर वेळी अडकतो). वर मरणाऱ्या आईला दिलेला शब्द आहेच. शेवटी बंदरावर फ्रँक हाका मारतोय आणि ही लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरून उभी.

सगळेच अडकतात असंही नाही हं. रशियन लेखक चेखॉवच्या एका १९०३ च्या कथेतली नाद्या लग्न तोंडावर आलेलं असताना घर सोडून शिकायला जाते, आणि ते पटतं. त्याचाच १८८६ मधला वान्का तर तिसराच प्रकार, चांभाराकडे कामाला ठेवलेला नऊ वर्षांचा पोरगा, मला इथून घेऊन जा म्हणून आजोबांना पत्र लिहितो आणि पत्ता काय घालतो तर ‘खेड्यातल्या आजोबांना’, मग डोकं खाजवून आजोबांचं नाव जोडतो, गावाचं नाव नाहीच! पत्र पेटीत पडतं, तो खुशीत झोपतो, आणि पोचणार नाही हे फक्त आपल्याला माहीत.

आता तुमच्या कथेकडे. शेवट बदलू नका, जाऊ दे तिला. पण तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे, नवरा रोज रात्री तिचा चष्मा पुसून उशाशी ठेवतो, ते तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात. पहाटे ती बॅग उचलते तेव्हा तो चष्मा कुठे असतो?