काळा आणि पांढरा उंदीर, मग पिल्लं करडी कशी?

तुमचा प्रश्न असा: काळ्या आणि पांढऱ्या उंदराच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळी पिल्लं करडी झाली, त्यांच्या आपसांतल्या संकरातून दुसऱ्या पिढीत, दोन जनुकं स्वतंत्रपणे वाटली जातात या मेंडेलच्या नियमाने अपेक्षित 9:3:3:1 ऐवजी 9:3:4 (9 करडी, 3 काळी, 4 पांढरी) आलं, मग मेंडेलचा नियम मोडला का? नाही मोडला. पांढरा हाही काळ्यासारखाच एक रंग आहे असं धरलं, तिथे गफलत झाली.

करड्या उंदराचा एक केस भिंगाखाली धरा. टोक काळं, त्याखाली पिवळा पट्टा, मग बुडाकडे पुन्हा काळसर. लांबून ही सरमिसळ करडी दिसते. तिला अगूटी म्हणतात. केस वाढताना मध्येच थोडे दिवस अगूटी प्रथिन तयार होतं. ते रंगपेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, आणि पेशी काळं युमेलॅनिन सोडून पिवळं फिओमेलॅनिन करू लागते. प्रथिन थांबलं की पुन्हा काळं. मला हा पट्टा फार सुंदर वाटतो, कारण जनुक कधी चालू झालं आणि कधी थांबलं हे केसावर चक्क डोळ्यांनी दिसतं. तुमच्या काळ्या उंदरात या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी आहेत, म्हणून पट्टाच नाही.

पांढऱ्याची गोष्ट वेगळी. काळं असो की पिवळं, मेलॅनिन हे रंगद्रव्य बनण्याची पहिली पायरी टायरोसिनेज या विकराशिवाय (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाशिवाय) होत नाही. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या की रंगद्रव्यच नाही. डोळेही लाल दिसतात. अगूटी जनुक शाबूत असलं तरी पट्टा रंगवायचा कशाने? एका जनुकाने दुसऱ्याचा परिणाम असा झाकणं म्हणजेच एपिस्टॅसिस. तुमच्या पांढऱ्या उंदराकडे अगूटी होतंच, काळ्याकडून चालू टायरोसिनेज मिळाल्यावर ते पिल्लांत दिसलं. दुसऱ्या पिढीत सोळापैकी 3 पांढरे अगूटीवाले आणि 1 पांढरा अगूटीविना, दिसायला सारखेच. म्हणून 4.

एकाच वेतातल्या सहा-आठ पिल्लांवरून मात्र हे गुणोत्तर तपासू नका, बरीच वेतं एकत्र मोजा.

आणि दुसऱ्या पिढीतल्या पांढऱ्यांत काय दडलंय ते बघायचं असेल, तर प्रत्येकाचा संकर शुद्ध काळ्याशी करा. सगळी पिल्लं करडी निघाली तर त्याच्याकडे अगूटीच्या दोन्ही प्रती असणार, निम्मी करडी निम्मी काळी असतील तर एक, आणि सगळी काळी असतील तर एकही नाही.