सीटखालचा तो मागचा प्लग

अरे, जुन्या सीएनजी पिकअपचं इंजिन सीटखाली, त्यामुळे स्पार्क प्लग बदलताना मागचा प्लग दिसतही नाही. तरी घाबरू नकोस. गाडी रात्रभर गार होऊ दे. गरम ॲल्युमिनियम हेडमधून (इंजिनाचा वरचा भाग) प्लग काढताना माझ्याकडून हेडचे आटे निघून आले होते, अख्खं हेड उतरवावं लागलं. आधी प्लगभोवतीच्या खळग्यातली धूळ हवेने उडव, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. पाना आतपर्यंत पोहोचवायला लांब एक्स्टेंशन आणि वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघ. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून हातानेच फिरव. आटे वाकडे बसले तर नळी घसरते, लगेच कळतं. वॉशर टेकला की पान्याने अर्धा फेरा, फार तर किंचित जास्त. एकेकच प्लग बदल, म्हणजे वायरींची अदलाबदल होणार नाही.