विज्ञानपटांतले तंत्रज्ञान कितपत खरे असते?

आपण विचारले आहे की दहावीतला धाकटा भाऊ सतत विज्ञानपट पाहत असतो, तर त्यांत दाखवलेले तंत्रज्ञान कितपत खरे मानावे आणि त्याच्या अभ्यासाला त्याचा काही उपयोग होईल का. मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्या भावाच्या वयाची असताना मीही हेच करत होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझे मत आधी सांगते. चित्रपटांतली यंत्रे बरीचशी खरी ठरली आहेत आणि पुढेही ठरतील. फसगत होते ती दुसऱ्याच ठिकाणी. प्रत्यक्षातला गोंधळ, संथपणा आणि मोजमापातली चूक चित्रपट काढून टाकतो, आणि आम्ही वर्गात व प्रयोगशाळेत जे शिकतो ते बहुतांशी त्या काढून टाकलेल्या भागाविषयीच असते.

यंत्रे खरी ठरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ज्या १९२९ साली आमच्या सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल खुला झाला, त्याच वर्षी जर्मनीत फ्रिट्झ लांग यांचा चंद्रप्रवासावरचा मूकपट आला. त्याला हेर्मान ओबेर्थ हे रॉकेटशास्त्रज्ञ सल्लागार होते. प्रेक्षकांची उत्कंठा वाढावी म्हणून त्यात उड्डाणाआधीची उलटी मोजणी पडद्यावर दाखवली होती, आणि आज श्रीहरिकोट्याला आपण जी मोजणी ऐकतो तिचे मूळ तिथे सापडते. ‘रोबोट’ हा शब्द तर नाटकातून आला. कारेल चापेक यांनी १९२० साली लिहिलेल्या चेक नाटकातला तो शब्द असून त्याचे मूळ ‘रोबोता’ म्हणजे आपल्याकडची वेठ. मराठीत त्याला सरळ ‘वेठबिगार’ म्हटले असते, तर यंत्रमानवाविषयीची आपली चर्चा पहिल्यापासून जरा वेगळ्या वाटेने गेली असती असे मला वाटते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले त्या गावात राहत असल्यामुळे, तंत्रज्ञानातला इतका मोठा शब्द नाटकातून आला याचा मला मनापासून आनंद होतो.

आता काढून टाकलेल्या भागाविषयी. २०१४ सालचा ‘इंटरस्टेलर’ आपल्या भावाने पाहिलाच असेल. त्यातल्या कृष्णविवराचे (ज्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटत नाही अशा वस्तूचे) चित्र भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी दिलेल्या समीकरणांवरून संगणकाने काढले आहे. प्रकाशाची किरणे गुरुत्वाकर्षणाने कशी वळतील याचा तो खराखुरा हिशोब होता, आणि त्यावर संबंधितांनी नंतर शोधनिबंधही प्रसिद्ध केला. पण एक गोष्ट मुद्दाम वगळण्यात आली. कृष्णविवराभोवती फिरणारी तप्त वायूची तबकडी इतकी वेगवान असते की जी बाजू आपल्याकडे येत असते ती जास्त तेजस्वी दिसते आणि जी दूर जात असते ती मंद. चित्र असे एकीकडे उजळ आणि दुसरीकडे अंधुक दाखवले तर प्रेक्षक गोंधळतील, या विचाराने दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या गेल्या. पुढे १० एप्रिल २०१९ रोजी एम-८७ या दीर्घिकेतल्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहातल्या, कृष्णविवराचे पहिले चित्र जगासमोर आले. सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या वस्तूचे कडे खालच्या बाजूला स्पष्टपणे जास्त उजळ होते. ती असमानताच मला त्या चित्रातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते, कारण तिच्यावरूनच ते कडे फिरत आहे हे कळते. (मराठी वाचकांची कृष्णविवराशी गाठ त्या चित्रपटाच्या ४० वर्षे आधीच पडली होती. कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ याच नावाची कथा पाठवली होती. भावाला त्यांच्या कथा अवश्य द्या.)

दुसरे उदाहरण मी स्वतः पाहिले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला तेव्हा मी नववीत होते आणि आमचे घर गावभागात, म्हणजे नदीजवळच्या जुन्या वस्तीत आहे. चित्रपटातला महापूर भिंतीसारखा उभा येतो, इमारतींवर आदळतो आणि दोन मिनिटांत शहर बुडते. आमच्याकडे पाणी मोरीच्या जाळीतून आले. मग अंगणातल्या फरशीच्या सांध्यांतून पाझरू लागले, आणि त्या वेळी समोरचा रस्ता अजून कोरडा होता. आजोबांनी पायरीशेजारच्या भिंतीवर खडूने रेघा मारायला सुरुवात केली. दर तासाला एक रेघ आणि शेजारी वेळ. दोन रेघांत कधी दोन बोटांचे अंतर पडे, कधी एकाच बोटाचे. अंतर कमी झाले की घरात सगळ्यांना हायसे वाटे, आणि वाढले की आई तांदळाचे डबे आणखी वरच्या फळीवर चढवी. गल्लीत भेटणारा प्रत्येक जण एकच विचारत होता, “आयर्विनला किती झालं?” तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. वीज गेली, फोन बंद पडले, आणि आकडा तोंडी येऊ लागला.

विज्ञानपटातला शास्त्रज्ञ अशा वेळी एका पडद्यासमोर बसून पाणी किती वाजता कुठे पोहोचेल हे मिनिटासह सांगतो. प्रत्यक्षात कोयना धरणातून किती पाणी सोडले, वारणा नदीचे किती आले, मधल्या पाणलोटात पाऊस किती झाला आणि पुढे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाण्याची पातळी काय आहे, या सगळ्याची बेरीज करावी लागते. त्यातला प्रत्येक आकडा वेगळ्या ठिकाणाहून, वेगळ्या वेळी, स्वतःची चूक घेऊन येतो. तरीही निर्णय घ्यावाच लागतो. आजोबांनी तो सहाव्या रेघेला घेतला आणि आम्ही विश्रामबागेला आत्याकडे गेलो. मला अभियांत्रिकीकडे वळवणारी गोष्ट कोणती असे कुणी विचारले, तर मी चित्रपटाआधी त्या खडूच्या रेघांचे नाव घेईन.

म्हणूनच दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी आम्ही तिघींनी पाण्याची पातळी मोजणारे उपकरण निवडले. मिरज तालुक्यातल्या माझ्या मामांच्या गावी ओढ्यावर एक छोटा पूल आहे. त्याच्या खाली, पाण्यापासून साधारण ३ मीटर उंचीवर, आम्ही अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला. तो ध्वनीचा ठोका सोडतो, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. कागदावर हे आठवीच्या मुलालाही कळेल. मार्च महिना होता, पाऊस नव्हता, तरी आलेख दररोज दुपारी ओढ्याचे पाणी चढल्याचे आणि पहाटे उतरल्याचे दाखवू लागला. दोन दिवस आम्ही वायरिंग तपासत बसलो. शेवटी लक्षात आले की ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. पहाटेचे २० अंश आणि दुपारचे ३५ अंश यांत ३ मीटर अंतरावर जवळपास ८ सेंटीमीटरचा फरक पडतो. तापमानाचा सेन्सर जोडून आम्ही ती चूक काढली. त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी पाणी पुलाच्या तळाला टेकल्याची नोंद आली. मामांनी जाऊन पाहिले तर ओढा घोट्याएवढाच होता. सेन्सरच्या तोंडावर कोळ्याने जाळे विणले होते आणि त्यात बाभळीचे एक वाळके फूल अडकून हलत होते.

ते फूल माझ्या मनातून गेलेले नाही, कारण यंत्राने त्याचा आकडा पाण्याच्या आकड्याइतक्याच ठामपणे दिला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल मला चित्रपटांपेक्षा वेगळी चिंता वाटते ती यामुळे. १९६८ सालच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ मधला संगणक माणसांविरुद्ध उठतो आणि तेव्हापासून बहुतेक चित्रपटांत धोका म्हणजे यंत्राचा दुष्टपणा, असेच ठरून गेले आहे. आज आम्ही अभ्यासाला वापरतो ती संभाषण करणारी साधने आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता आहे याचा हिशोब करून उत्तर तयार करतात. त्यामुळे खरे आणि चुकीचे उत्तर एकाच सुरात, एकाच आत्मविश्वासाने येऊ शकते. तिथे कुणाचा वाईट हेतू नसतो. जाळे आहे की पाणी, हे कुणीतरी पुलाखाली वाकून पाहावे लागते, आणि पाहणारा माणूस चित्रपटात सहसा नसतो.

याच्या उलट अनुभव २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी, चांद्रयान-३ चंद्रावर उतरताना आला. मी नुकताच प्रवेश घेतला होता आणि वसतिगृहाच्या सभागृहात शंभरेक मुली दाटीवाटीने बसलो होतो. पडद्यावर काय होते? एक आलेख, ठरलेल्या मार्गाची रेघ आणि तिच्यावरून सरकणारा एक ठिपका. कुणी दांडा ओढत नव्हते, कुणी ओरडत नव्हते. चंद्रापर्यंत संदेश जायला सुमारे १.३ सेकंद लागतात आणि परत यायला तितकेच, त्यामुळे उतरतानाचे सगळे निर्णय चांद्रयान-३ स्वतःच घेत होते आणि बंगळुरूतले शास्त्रज्ञ आमच्यासारखेच पडद्याकडे पाहत होते. माझ्या शेजारच्या मुलीने माझे मनगट इतके घट्ट धरले होते की नंतर त्यावर तिच्या बांगडीचा वळ उठला. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे उतरणे फसल्यानंतर यानाचे पाय मजबूत केले गेले, इंधन वाढवले गेले, आणि उतरण्याची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटरवरून ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर इतकी मोठी ठरवली गेली. चूक होणारच असे गृहीत धरून केलेली ती आखणी होती. तिच्यावर कुणी चित्रपट काढला तर चार वर्षांचे ते काम दोन मिनिटांच्या गाण्यात उरकेल, आणि मला ती चार वर्षेच पाहायची आहेत.

तेव्हा भावाला चित्रपट पाहू द्या. कुतूहल तिथे खरोखर जागे होते, माझे झाले. फक्त एखाद्या प्रसंगाचा हिशोब त्याला स्वतः करायला लावा. मंगळावरचा माणूस पृथ्वीवरच्या घरच्यांशी बोलतो आहे असा कोणताही प्रसंग निवडा. मंगळ आपल्या सर्वांत जवळ असतो तेव्हा सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरवर आणि सर्वांत दूर असतो तेव्हा सुमारे ४० कोटी किलोमीटरवर असतो; प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. भागाकार त्याला करू द्या. उत्तर एकीकडे तीन मिनिटे आणि दुसरीकडे बावीस मिनिटे येईल, तेही फक्त एका दिशेने. मग तो संवाद पुन्हा लावून, प्रत्येक वाक्यानंतर तेवढा वेळ थांबून, समोरच्या माणसाने त्या शांततेत काय केले असेल ते त्याला लिहायला सांगा.