'फेड अवे' हे क्रियापद नेमके कधी वापरावे?

'फेड अवे' आणि 'डिसअपीअर' या दोहोंचा अर्थ 'नाहीसे होणे' असाच असेल, तर एकाच्या जागी दुसरे चालते का, असे आपण विचारले आहे. नेहमी चालत नाही. 'डिसअपीअर' म्हणताना गोष्ट क्षणात दिसेनाशी झाली असली तरी हरकत नसते. 'फेड अवे'मध्ये मात्र ती आधी ठळक होती, मग क्षीण होत गेली आणि अखेरीस उरली नाही, हा सगळा क्रम अभिप्रेत असतो. म्हणून फलाटावर खिशातले पाकीट गायब झाले, तर 'माय वॉलेट फेडेड अवे' हे वाक्य चुकते. परंतु सुटलेल्या गाडीचा आवाज लांब जात जात ऐकू येईनासा झाला, तर 'द साउंड ऑफ द ट्रेन फेडेड अवे' हे अगदी योग्य होय.

मराठीत आवाज विरतो, उत्साह ओसरतो, आशा मावळते आणि आठवण पुसट होते. इंग्रजीत या चारही ठिकाणी 'फेड अवे' बसते. त्यामुळे एकच प्रतिशब्द पाठ करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

हे क्रियापद अकर्मक आहे. ध्वनिमुद्रणात संगीत कोणी मुद्दाम हळूहळू कमी करत नेले, तर तिथे 'फेड आउट' म्हणतात. भूल उतरते तेव्हा 'वेअर ऑफ', एखादी प्रथा किंवा प्राण्याची जात नामशेष होते तेव्हा 'डाय आउट', आणि कापडाचा रंग विटला तर नुसते 'फेड' पुरते.

माणसाविषयी लिहिताना विशेष जपावे, कारण 'शी इज फेडिंग अवे' याचा अर्थ तिची शक्ती क्षीण होत चालली असून ती मृत्यूच्या जवळ जात आहे, असा होऊ शकतो. याच क्रियापदाचा सौम्य अर्थही आहे. अमेरिकेचे सेनापती डग्लस मॅकआर्थर यांना राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी एप्रिल 1951 मध्ये पदावरून दूर केले. त्यानंतर 19 एप्रिलला अमेरिकी काँग्रेसपुढे केलेल्या भाषणाच्या शेवटी, जुने सैनिक मरत नाहीत, ते फक्त 'फेड अवे' होतात, या अर्थाची बराकीतल्या गाण्याची ओळ सांगून, आपणही आता तसेच करणार असल्याचे त्यांनी म्हटले. तिथे अभिप्रेत आहे ते गाजावाजा न करता सार्वजनिक जीवनातून बाजूला होणे. हा अर्थ स्वतःविषयी बोलताना शोभतो. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याच्या निरोपपत्रात मात्र 'रिटायर' हाच शब्द लिहावा.