फोल्डर हलवल्यावरही चालणारे शॉर्टकट

प्रश्न : गावच्या वाचनालयातील जुने दिवाळी अंक स्कॅन करून मी ते वर्षवार फोल्डरांत ठेवले असून, शेजारच्या ‘सूची’ फोल्डरात प्रत्येक अंकाचा शॉर्टकट केला आहे. सगळे पेन ड्राइव्हवरून बेळगावच्या मित्राच्या संगणकावर उतरवले, तर तिथे एकही शॉर्टकट उघडत नाही. माझ्याच संगणकावरच्या दुसऱ्या प्रतीत मात्र ते उघडतात. असे का?
— एक वाचक, तालुका खानापूर

उत्तर : तुमच्या संगणकावर ते उघडतात, हीच खरी काळजीची बाब आहे. विंडोजच्या शॉर्टकटमध्ये मूळ फाइलचा ड्राइव्हच्या अक्षरापासूनचा पूर्ण पत्ता साठवलेला असतो. त्यामुळे प्रतीतला शॉर्टकट प्रतीतली नव्हे, तर जुन्या जागेवरचीच फाइल उघडतो. तिथे काही दुरुस्ती केलीत, तर ती मूळ फाइलमध्ये होते आणि प्रत तशीच राहते. मित्राकडे तो पत्ताच नाही.

यावर उपाय म्हणजे सापेक्ष पत्ता, म्हणजेच ‘इथून एक पायरी वर जा आणि अमुक फोल्डरात शिरा’ असा पत्ता. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’च्या रकान्यात आधी विंडोजच्या एक्सप्लोररचा, म्हणजे फोल्डर उघडणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता (%windir%\explorer.exe), मग एक जागा सोडून अवतरणचिन्हांत ..\ या खुणेने सुरू होणारा फाइलचा मार्ग लिहावा आणि ‘स्टार्ट इन’चा रकाना आवर्जून रिकामा करावा, तो भरलेला राहिला, तर मार्ग भलतीकडून मोजला जातो. मार्ग चुकल्यास बहुधा नुसता डॉक्युमेंट्स फोल्डर उघडतो, त्यावरून चूक ओळखता येते. सिम्बॉलिक लिंक (फाइल व्यवस्थेतच नोंदवलेला, दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) हा उपाय तुमच्या उपयोगाचा नाही, कारण पेन ड्राइव्हवर फाइली साठवण्याच्या सहसा असणाऱ्या एफएटी३२ किंवा एक्सएफएटी रचनेत ती लिंक साठवताच येत नाही.

शेकडो अंकांसाठी मात्र मी शॉर्टकटऐवजी एक्सेलची सूचीच सुचवेन. कोरी फाइल आधी मुख्य फोल्डरात सेव्ह करावी आणि मगच कंट्रोल व के ही कळ दाबून एकेका अंकाला हायपरलिंक द्यावी. त्याच ड्राइव्हवरच्या फाइलचा पत्ता एक्सेल सहसा सापेक्षच साठवते. लिब्रेऑफिस हा मोफत ऑफिस संच वापरणाऱ्यांनाही हे जमते. शिवाय अंकाचे वर्ष, संपादक, पृष्ठसंख्या हे रकाने त्याच पानावर मिळतात, जे वाचनालयाला हवेच असतात. फक्त मुख्य फोल्डर नेहमी अखंड कॉपी करावा आणि आतल्या फोल्डरांची नावे नंतर बदलू नयेत.

तपासताना मूळ फोल्डरचे नाव तात्पुरते बदलून मगच प्रतीतले दुवे उघडून पाहावेत. नाहीतर मूळ फाइलच उघडत राहील आणि दोष लक्षात येणार नाही.