पीक गेल्यावर प्रार्थनेत देवाचे आभार कसे मानायचे?

सोयाबीन पाण्यात गेलं, आता आभार कशाचे मानू, असं तुम्ही विचारलंय. बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:१८) प्रेषित पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो, नुकसानीबद्दल नाही. आधी मन मोकळं करून रडा, स्तोत्रकर्तेही रडले. मग बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय मोठ्याने वाचा. अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी तो परमेश्वराच्या ठायी आनंद करतो.

आमच्या जालन्याकडे दुष्काळात टँकरची वाट बघताना आईच्या तोंडी हाच अध्याय असायचा. झोपताना ती एकेक गोष्ट नाव घेऊन सांगायची: आज दोन घागरी पाणी मिळालं, शेजारणीने भाकरी दिली, म्हैस उठून उभी राहिली. मोघम ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ तिला चालायचं नाही. आज रात्री तुम्ही अशी एकच गोष्ट सांगा.